एक पीळ जास्त

तीर्थरूप दादांस,

गुडघे कुरकुरत असतानाही मनोभावे घातलेला साष्टांग नमस्कार. तुमचा खोकला उतरला असेल, वहिनींची कंबर ताळ्यावर आली असेल आणि गणिताच्या मास्तरकीतून निवृत्त होऊनही तुम्ही शेजारच्या पोरांना छळत असाल, याची खात्री आहे. इकडे सर्व क्षेम. (क्षेम कशाला म्हणायचे, ते पुढे वाचून ठरवा.)

वाचनालयाच्या हॉलमध्ये मधोमध भिंत घालून अर्धा भाग शिवणवर्गाला द्यावा, असा ठराव आला होता. मांडणारी तुमची भावजय, म्हणजे शिवणवर्गाची बाई. विरोधाला उभा मी. मी जिवंत असेपर्यंत ज्ञानाच्या घराचे तुकडे होणार नाहीत, असे ओट्याशेजारी उभा राहून आठ दिवस गर्जत होतो. (ती कांदा चिरत "हं" म्हणायची.) अशात तुम्ही शिकवलेली कागदाची पट्टी आठवली. एक टोक एकदाच उलटून दुसऱ्याला चिकटवले, की त्या कड्याला दोन बाजू उरतच नाहीत. मुंगी सोडली तर काठ न ओलांडता सगळा कागद फिरून येते. आणि मधोमध लांबीने कात्री चालवली, तरी दोन तुकडे न होता एकच मोठे कडे हाती येते! दादा, एकजुटीवर याहून जळजळीत व्याख्यान कुठल्या वक्त्याला सुचले असते?

सभेला हॉल खचाखच. वर्तमानपत्राची लांब पट्टी उंच धरून मी कडाडलो, की हे वाचनालय एक आहे! (टोक उलटले.) एकच आहे! (जोर यावा म्हणून पुन्हा उलटले. तीस वर्षांची सवय. महत्त्वाचे वाक्य मी दोनदा बोलतो, आणि हातही दोनदा फिरतो.) खळ लावली, कात्री हिच्याकडूनच मागून घेतली, आणि जाहीर केले की याचे दोन झाले तर शिवणवर्गाचे सगळे पडदे मी स्वतः शिवीन. पहिल्या रांगेतून ही हळूच म्हणाली, "अहो, पीळ मोजा." मी वक्ता आहे, मोजणारा नाही. कापले.

दोन कडी! तीही साखळीसारखी एकमेकांत अडकलेली. मग ही उठली, कडी माझ्या हातून घेतली आणि सगळ्यांना दाखवत म्हणाली, "बघा, वेगळी झाली तरी सुटली नाहीत. भिंत घाला, मध्ये दार ठेवा. झालं!" असल्या टाळ्या मला तीस वर्षांत मिळाल्या नाहीत. ठराव मंजूर. हात वर करणाऱ्यांत आपला ग्रंथपालही होता, फितूर मेला!

तरी माझे मत ठाम आहे. भिंत म्हणजे भ्याडपणा, हे शेवटच्या श्वासापर्यंत बोलत राहीन. (दोनदा.)

तुमचा आज्ञाधारक
धाकटा

ता. क. पडदे शिवून झाले. ते बांधायच्या, टोके जोडून गोल शिवलेल्या पट्ट्यांत मात्र प्रत्येकी एक पीळ राहून गेला. (सभेत एक हवा तिथे दोन, इथे एकही नको तिथे एक.) ही म्हणते, सगळ्या उसवा. तेव्हा मुद्द्याचे एवढेच, की पीळ ही चूक नसून गणित आहे, असे दोन ओळींचे पत्र तुमच्या सहीने तिच्या नावे धाडावे.

पुन्हा ता. क. पण घाई नको. उसवायला मी रोज तिच्या अर्ध्या भागात बसतो. उजेड तिकडेच चांगला आहे, वाचनही तिथेच जास्त होते. वाचनालयात हे कुणाला कळता कामा नये.