कानबाईच्या डोहातले मासे

६ ऑगस्ट १९९२, गुरुवार
विमल आली. लेक माझी, पण येते ती डोहासाठी. जळगावच्या संस्थेत नद्यांचं सगळं काम हिच्या हाताखाली. पिशवीत साडी एक, बाकी बाटल्या. पावसाने ओढ दिली. गिरणेची धार तुटली, पाणी उरलं ते घाटाखालच्या डोहात. कानबाईचा डोह, तिथे कोणी जाळं टाकत नाही. विमल म्हणते, हे मासे म्हणजे नदीचं बियाणं, पूर आला की इथूनच वरखाली जातात. बियाणं म्हटलं की मला कळतं.

८ ऑगस्ट, शनिवार
उद्या कानबाई बसणार. घर सारवलं, डबे घासले. कपाशीवर अळी. सणात रानात जायला नको म्हणून गावाने कालपासून फवारून घेतलं. विषाचे पंप, विषाचे कपडे देवीच्या घरात कसे चालतील? सगळे घाटावर धुवायला. भास्करला म्हटलं, वास राहिला तर तुलाच दारात ठेवीन. पोराने पितळी पंप लख्ख करून आणला.

९ ऑगस्ट, रविवार
देवीच्या प्रसादाचे रोट भाजत होते. शेजारची इंदू धावत आली, "अक्का, डोहमा बठ्ठा मासा मरी ग्यात!"
गेले. पांढरी पोटं वर. मरळ केवढी, काठाला लागलेली, तोंड उघडं. विमल कमरेएवढ्या पाण्यात उभी. बाटली भरली, बाहेर येऊन तिच्यात औषधाचे थेंब टाकले, पाणी तपकिरी झालं. म्हणाली, "माय, पाण्यात श्वास आहे. गुदमरून नाही मेले. विष गेलंय."
रडली नाही. मी पण नाही. देवी बसवायची होती. बसवली. गाणी म्हटली, पण...

१० ऑगस्ट, सोमवार
विसर्जनाला बायका घाटावरच थांबल्या. मेलेल्या माशांत देवी सोडायची कशी? शेवटी वरच्या अंगाला वाळूत झिरा उकरला, पाणी लागलं, त्यात सोडली. असलं विसर्जन जन्मात पाहिलं नाही.
सरपंच नानाने सगळ्यांदेखत विमलला विचारलं, "बाटलीत थेंब तूच टाकत होती ना? तू आली नि मासे मेले." भास्कर तिथेच. बहिणीसाठी तोंड उघडलं नाही त्याने.

११ ऑगस्ट, मंगळवार
पारावर बैठक. विमल म्हणाली, "पंप धुतल्याने झालं. पाणी तपासायला नाशिकला धाडलंय. तोवर घाटावर धुणं बंद ठेवा. खोलात थोडे मासे जिवंत आहेत. खालचं गाव हेच पाणी पितं."
नाना म्हणे, संस्थेचंच काम बंद ठेवू.
भास्कर म्हणे, "बठ्ठं गाव धुस, मी एकलाच शे का?"
तेव्हा उठले. पारावर बाई बोलत नाही, माहीत आहे. म्हटलं, रोट खाऊन हात धुतो, ते पाणी कोणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून खड्ड्यात ओततो ना आपण? गव्हाच्या उष्ट्याला खड्डा, आणि विषाला देवीचा डोह? माझ्या पोराला मीच धाडलं होतं धुवायला. तिच्या बाटलीला काय विचारता, मला विचारा.
नाना तंबाखू मळत राहिले. ठरलं काहीच नाही.

१३ ऑगस्ट, गुरुवार. राखी
भास्करने न सांगता पंप धुवायला खड्डा खणला. कुठे, तर विहिरीला लागून! पाणी ओढायला सोपं म्हणे. विमल सरळ खड्ड्यात उतरून उभी राहिली. "भाऊ, हे विहिरीत झिरपेल. मासे झाले, आता मायचा नंबर का?"
"तू जाय जळगावले, तठेच खण खड्डे."
म्हटलं भांडा, पण बुजवत भांडा. बुजवला. दुसरा वरच्या बांधाला, विहिरीपासून आणि नाल्यापासून लांब, विमलने दाखवला तिथे.
राखी बांधली. मातीचे हात दोघांचे.
संध्याकाळच्या गाडीने गेली.

२९ ऑगस्ट, शनिवार
पोळा झाला. बैल यंदा घाटावर नेले नाहीत, हौदावर धुतले.
वरून पाणी आलं, धार जोडली गेली. नाशिकचा कागद नाही अजून. तो आला की संस्था ठरवणार, इथलं काम चालू ठेवायचं की डोह सोडायचा.
आमच्या खड्ड्यावर आता इंदूच्या घरचा पंपही येतो. नानाचा गडी मात्र काल पुन्हा घाटावर. बोलले त्याला. म्हणे, "अक्का, आता वाहतं पाणी शे."
वाहतं म्हणजे कोणाकडे वाहतं रे?
आज सकाळी भाकरीचा तुकडा टाकला डोहात. आधी टाकला की झुंबड उडायची. तुकडा तरंगत वळणापर्यंत गेला. तिथे गपकन आत ओढला गेला. मासा होता की भोवरा, या डोळ्यांना कळलं नाही.
उद्या विमल येते. दारातच विचारेल, माय, दिसला का एखादा?