नावाचा रकाना

आतबाशी, १२ नोव्हेंबर

जिपारा, एकुलत्या एक नणंदेला वहिनीचे आशीर्वाद.

त्या सकाळी मी गाईचं दूध काढलं, चुलीतली राख उपसली, गोवऱ्या आत आणल्या, चहाचा समोवार पेटवला आणि मग तुझ्या दादाच्या दंडाला दवाखान्याने दिलेला रक्तदाबाचा पट्टा बांधला. रोजचंच काम. तो म्हणाला की गाईनंतर माझा नंबर, निदान दावं तरी लावत नाहीस. आकडा आला दोनशे दहा. मी तो फोनमध्ये टाकला, हिरवी खूण आली. सोबतच्या पुस्तकात लिहिलं होतं की आकडा चढला तर दवाखान्याची गाडी येईल, तोवर रुग्णाला हलवू नये. मी हलवलं नाही. शेजारच्या नुरिपाचा नवरा जीप काढत होता, त्याला मीच नको म्हटलं. गाडी आलीच नाही, दुपारी तुझा दादा गेला.

चाळिसाव्या दिवसाच्या विधीला तू आलीस, रडलीस, पण माझ्याकडे बघितलं नाहीस. ते पुस्तक तुझ्या कंपनीचं आणि तूच लिहिलेलं, हे मला ठाऊक आहे. मी आठवीनंतर मेंढ्यांमागे गेले, पुढचं वाचन माझं मी केलं. ते पुस्तक अकरा वेळा वाचलं. माझं कुठे चुकलं ते सांग. चुकलं नसेल तर तेही सांग.

घरात पीठ आहे, जळण आहे. काळजी करू नकोस.

तुझी साइरा वहिनी

बिश्केक, २४ नोव्हेंबर

ती. वहिनीस जिपाराचा वाकून नमस्कार.

आकडा पोचला होता. पण पहिल्या दिवशी नावाच्या रकान्यात तू 'पोरांचे बाबा' लिहिलं होतंस. ते ओळखपत्राशी जुळलं नाही, म्हणून दादाचे सगळे आकडे वेगळ्या यादीत पडत राहिले. ती यादी कोणी उघडत नाही. मी उघडली. त्रेचाळीस माणसं आहेत. 'थोरले', 'घरातले म्हातारे', 'वरच्या खोलीतले'. सगळी बायका-सुनांनी भरलेली. दादा सोडून आठ आपल्या गावातले, त्यांची घरं मागच्या पानावर लिहिली आहेत.

आईने सासऱ्यांचं नाव मरेपर्यंत घेतलं नाही, हे बघत मी वाढले. तरी पुस्तकात एवढंच ठेवलं की रुग्णाचे नाव लिहा. ओळखपत्राचं कार्ड बघून अक्षर न अक्षर उतरवा, अशी एक ओळ होती. पानं वाढतात म्हणून मीच ती काढली.

कंपनीतले साहेब म्हणतात की नाव लिहा यात न कळण्यासारखं काय आहे, तुमच्याकडच्या बायकांना घरच्या माणसांची नावं माहीत नसतात का. नवं पुस्तक वसंतात निघेल. गावच्या नर्सला फोन केला, तर वरून कागद आल्याशिवाय ती यादीला हात लावणार नाही म्हणते.

हवी तेवढी रागाव, पण पत्र लिही.

तुझी जिपारा

आतबाशी, ३ डिसेंबर

जिपारा, आशीर्वाद.

तुझं पत्र आल्यावर तीन दिवस लिहिलं नाही. लिहिलं असतं ते फाडावं लागलं असतं. तू ओळ काढलीस, मी जीप परत पाठवली. हे वाटून अर्धं होत नाही. तुझं तुझ्याकडे पूर्ण, माझं माझ्याकडे पूर्ण.

आज नुरिपाकडे गेले. तिच्या सासऱ्यालाही पट्टा आहे, तोही त्या आठांतला. कार्ड बघून नाव टाक म्हटलं, तर तिने हात मागे घेतले. म्हातारा हसला, सून माझं नाव लिहिणार असेल तर रक्तदाब आजच चढेल म्हणाला. नुरिपाने मला विचारलं, साइराताई, तुम्ही टाकलं होतं का? मी तशीच घरी आले. तुझा दादा गेल्यावरसुद्धा मी त्याचं नाव घेतलेलं नाही.

नव्या पुस्तकात असं लिही. ओळखपत्र फोनशेजारी ठेवा. त्यावरची अक्षरं आहेत तशी उतरवा. नाव तोंडाने घ्यावं लागत नाही, कोणाचा मान जात नाही. हिरवी खूण म्हणजे गाडी निघाली असं नाही. दारात जीप असेल तर बसा आणि निघा. साहेबांना पानं जास्त वाटली तर माझं नाव सांग.

राग आहे. मायाही आहे. दोन्हीसकट आपलं म्हण.

साइरा

ता. क. हे पत्र टाकायचं राहिलं होतं. दुसऱ्या दिवशी मी त्या आठही घरी गेले. पहिल्या घरी बायकांसमोर माझा फोन काढला, 'पोरांचे बाबा' पुसून त्या जागी सुयुनबेक लिहिलं, आणि ते प्रत्येक घरी मोठ्याने वाचलं. मग घरातल्या सुनेच्या हातात तिच्या घरच्या रुग्णाचं कार्ड दिलं.