मागच्या एक्सलचं वजन

६ ऑक्टोबर

नवा मुलुख, नवे कायदे! आमच्याकडे काट्यावर सबंध ट्रकचं वजन होतं. इथे पुढच्या चाकांचा एक्सल वेगळा, मागच्या चाकांचा वेगळा तोलतात. रिकामी गाडीसुद्धा काट्यावर न्यायचीच. काल मी रिकामा म्हणून सरळ पुढे निघालो, तर मागे सायरन! भर रस्त्यात बोलणी खाल्ली. मेहुणा आपल्या गाडीतून उतरून हसत होता. "दाजी, देश तसा वेश. सभेत नाही आहोत आपण."

मी म्हटलं, वेश बदलेन, कणा नाही. आणि स्वतःच्याच वाक्यावर खूश झालो.

८ ऑक्टोबर

फरशीच्या पेट्या भरल्या. हमाल कमी, घाई फार. मेहुण्याच्या गाडीत मागेच थप्पी जास्त लागली. "पुढे सरकवू या का?" म्हणाला. मी म्हटलं, एकूण वजन बसतंय ना? मग चल!

९ ऑक्टोबर

आज बोललो! कित्येक वर्षांत असा बोललो नव्हतो.

मेहुण्याची गाडी काट्यावर अडवली. एकूण वजन नियमात, मागचा एक्सल जड. तिथली अधिकारी बाई थंडपणे म्हणाली, "माल पुढे सरकवा, मग जा. मागे ओझं झालं की पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग ऐकत नाही. पुढे उतार आहे."

मेहुणा लगेच हातमोजे चढवून ताडपत्रीची दोरी सोडायला लागला. मी थांबवलं. मागे गाड्यांची रांग, माणसं उन्हात, ना सावली ना पाणी. मी गाडीच्या पायरीवर चढलो. "माणूस तोलताना हात वेगळा, पाय वेगळा तोलता का? हे कायदे करणाऱ्यांनी कधी स्टिअरिंग धरलंय?" टाळ्या! हॉर्न!

खालून मेहुणा बाही ओढत होता — "दाजी, तासाभराचं काम. हलवतो ना मी."

"गप्प रे! तत्त्वाचा प्रश्न आहे."

त्याने हातमोजे काढले, काट्याच्या कठड्यावर ठेवले. गाडीत जाऊन बसला.

शेवटी बाईला वरून फोन आला, फाटक उघडलं. "ही गाडी माझ्या सहीने जात नाही," एवढंच म्हणाली. ड्रायव्हर मंडळींनी मला डोक्यावर घ्यायचंच बाकी ठेवलं होतं. आत्ता चहाला थांबलोय. मेहुणा पुढे गेला. उतार संपला की गाठतो त्याला.

१० ऑक्टोबर

गेला. दुसऱ्याच वळणावर. पुढची चाकं वळलेली, गाडी सरळ गेलेली — खुणा मी पाहिल्या.

१४ ऑक्टोबर

घरी. बायकोने या भावाला आईच्या मागे लहानाचं मोठं केलं. त्याच्या वस्तूंची पिशवी आली, ती तिने चार वेळा उपसली. "हातमोजे कुठायत? मी दिलेले." म्हटलं, दरीत गेले असतील.

"निघताना काही म्हणाला का हो?"

"नाही. हसत होता."

इतकी पुस्तकं वाचली, इतक्या सभा गाजवल्या. खोटं मात्र तीन शब्दांत जमलं!

१७ ऑक्टोबर

ड्रायव्हर मंडळी आली. शोकसभा ठेवायची म्हणतात. "रस्त्याने बळी घेतला, असं ठणकावून सांगा. तुमच्यासारखं बोलणार कोण?" बायको दारात उभी राहून ऐकत होती. मला म्हणाली, "बोला तुम्ही. त्याला तुमची भाषणं फार आवडायची."

१८ ऑक्टोबर

तिला सांगायचं. आज नक्की.

नाही सांगितलं.

२० ऑक्टोबर

शोकसभेला कोपऱ्यापर्यंत गाड्या लागल्या होत्या. बोललो. रस्त्यावर बोललो. खड्ड्यांवर, ठेकेदारांवर, सरकारवर — जीभ आपोआप चालते! माणसं रडली. तीही रडली. मला स्वतःचा आवाज ऐकवेना, तरी शेवटचं वाक्य टाळीचंच घेतलं.

२१ ऑक्टोबर

काट्यावरची बाई येऊन गेली. साध्या कपड्यांत होती, मी आधी ओळखलंच नाही. माझ्याकडे न बघता बायकोसमोर हातमोजे ठेवले. "कठड्यावर राहिले होते. तुमचा भाऊ माल हलवायला तयार होता. तसं म्हणालाही. तेवढं सांगायला आले."

ती गेल्यावर बायकोने एक हातमोजा हातात घातला. मग म्हणाली —

"बोला ना. तुम्हाला तर बोलता येतं."