फाटकावरची नोटीस

लालबाग,
८ जुलै १९५७

चि. जयवंतास ताईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

घरची मंडळी बरी आहेत. माझं डोकं मात्र ठिकाणावर नाही. परवा आपल्या चाळीमागच्या मैदानात कुणी माणसं येऊन चुन्याच्या रेघा मारून गेली. नकाशात तिथं गोदामं दाखवलीत म्हणे. आपल्या पोरांना खेळायला तेवढी एकच जागा, ती गेली की पोरं रस्त्यावर ट्रकांपुढे. मागल्या साली भिवाचा धाकटा तसाच गेला. त्याला इस्पितळात तूच उचलून नेलं होतंस.

तू दादरला बिऱ्हाड केलंस, पण मेंबर झालास तो आमच्या मतांवर. या रेघा कुणाला विचारून मारल्या, ते कॉर्पोरेशनात विचार. उर्मिलेस आशीर्वाद.

तुझी,
यशोदाताई

दादर,
१३ जुलै १९५७

ती. सौ. ताईस शि. सा. नमस्कार, वि. वि.

उर्मिला म्हणाली, ताईंनी टाक शाईत नाही, तिखटात बुडवलाय. सभेत मी विषय काढला. उत्तर मिळालं की निवडणुकीच्या धामधुमीत चाळीच्या फाटकावर नोटीस लावली होती, हरकतीला महिनाभर मुदत होती, आणि एकही हरकत आली नाही. आता आम्ही ठराव केला तरी तो शिफारसच, मंजुरी सरकारच्या हाती. फाटकावरचा कागद तुम्हा कुणालाच दिसू नये, याचं नवल वाटतं. राग नसावा, लोभ असावा.

तुझा,
जयवंत

लालबाग,
१६ जुलै १९५७

चि. जयवंतास आशीर्वाद. हे पत्र उभ्यानं वाच.

तुझं नवल वाचून मी आणि शेजारची बकुळा गरम पाण्याची बादली घेऊन फाटकाशी गेलो. वर तू, हात जोडलेला. तो खरवडला, तर खाली पुन्हा तूच. त्याखाली मुंबईसह संयुक्त महाराष्ट्राचं पोस्टर, आणि सगळ्यांत तळाशी ती नोटीस. खळ मी शिजवली होती, पोस्टरं चिकटवली तुझ्या कार्यकर्त्यांनी. अख्खी मुंबई मागता मागता आपलं परसदार हातचं गेलं, रे.

पण घरोघरी येऊन सांगायला त्या नोटीसवाल्यांना काय धाड भरली होती? आणि शिफारसच करता येते म्हणून तू गप्प बसणार? मतं आम्ही दिली आणि नकाशा वरच्यांनी रंगवायचा, तर तुला फेटा कशाला बांधला?

सोमवारी कुंपणाचे खांब येताहेत. आम्ही बायका मैदानात बसणार. तुझी जागा पहिल्या रांगेत आहे. नाही आलास, तर मतं मागताना ज्या पायऱ्या चढलास त्या पुन्हा चढू नकोस. माझ्या घराच्याही.

माझा लोभ आहे, तो असा आहे.

यशोदाताई