क्रूस कोरायचा राहिला

५ ऑक्टोबर, शनिवार

पोचले एकदाची! नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, पण आमची जुनाट गाडी टार्टूनंतर एकदाही बंद पडली नाही. सामान म्हणजे दोन बॅगा, माझा बिडाचा तवा आणि आईने दिलेलं धुरावलेल्या माशांचं पुडकं. गाडीभर तोच वास. आयगार म्हणाला, गावातल्या माणसांआधी तुला गावातली मांजरं ओळखतील.

घर टेकडीवर आहे, लाकडी, लाल रंगाचं. मागे तळं आणि तळ्याकाठी काळीकुट्ट धुराची सौना, वाफेने न्हायची खोली. मी सारेमा बेटावरची, समुद्र दिसला नाही की कोंडल्यासारखं होणारी. पण इथे चिडाची उंच सदाहरित झाडं वाऱ्यात अशी वाजतात की डोळे मिटले तर लाटाच. इतकी वर्षं हेलसिंकीच्या जहाजावर लोकांना बटाटे उकडून वाढले. आयगार तिथेच भेटला, फिनलंडमध्ये घरं बांधणारा, दर खेपेला दुसऱ्यांदा ताट पुढे करणारा. आता चूल माझी स्वतःची.

आणि लेन्ना. आयगारची पोर, सहा वर्षांची, भुऱ्या केसांची, दाराआडून बघणारी. तिची आई काइरे दोन वर्षांपूर्वी आजारपणात गेली. तेव्हापासून पोर व्होरूला आत्याकडे होती, घर बंद. माझी दोन मुलं पोटातच गेली. डॉक्टर म्हणाले होते, आता आशा ठेवू नका. ही पोर मला मिळाली तर देवाकडे आणखी काही मागायचं नाही.

११ ऑक्टोबर

आयगार परत कामावर गेला. कधी आठवडा, कधी महिनाभर तिकडे, दोन-तीन दिवस इकडे, असाच आमचा संसार. जाताना एकच बजावून गेला, घर तापवायची भट्टी विझू देऊ नकोस. लाकडं छपरापर्यंत रचून ठेवली आहेत त्याने.

लेन्नाला बटाट्याची धिरडी आवडतात, वर आंबट साय. आज तिने तीन खाल्ली आणि मला विचारलं, तू इथेच झोपणार का रोज? म्हटलं, मग काय तळ्यात झोपू? हसली. पहिल्यांदा हसली.

शेताच्या टोकाशी, जिथे आमची वाट रस्त्याला लागते तिथे एक भलामोठा चीड आहे. त्याच्या खोडावर क्रूस कोरलेले आहेत, जुने, डिंकाने भरत आलेले. तिथे शेजारची आलमाआजी भेटली. ऐंशीच्या पुढची असेल, पण जिभेला गंज नाही. म्हणाली, तू ती बेटावरची होय? तुमच्याकडे म्हणे माशांना नावं देतात आणि नवऱ्यांना नंबर देतात. म्हटलं, आजी, माझा पहिलाच नंबर आहे. खूश झाली. क्रुसांचं विचारलं तर म्हणाली, ते आमच्याकडचं आहे, सांगेन कधीतरी.

१९ ऑक्टोबर, शनिवार

आयगार आला, सौना तापवली. आमच्या बेटावर आता बटण दाबलं की झालं. इथे दिवस जातो. धुराडं नाहीच, धूर खोलीतच कोंडतो, दगड तापतात, मग निखारे विझवून, दार-झरोका उघडून सगळा धूर बाहेर काढायचा. आयगारने मला दोनदा बजावलं, धूर पूर्ण निघाल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. माणसाला गोड झोप लागते आणि तो उठत नाही.

आधी तो, मग मी आणि लेन्ना. बर्चच्या डहाळ्यांची जुडी अंगावर मारून घेतली, तळ्यात उडी मारली, किंचाळले. सगळी टेकडी जागी झाली असेल. शेवटची वाफ म्हणे गेलेल्यांची. आयगारने बादलीत ताजं पाणी ठेवलं, नवी जुडी ठेवली, दार नुसतं लोटून घेतलं. आमची आजीही असं काही करायची. पण आयगार दाराशी इतका वेळ उभा राहिला की मला आत जाऊन कॉफी करावी लागली.

२ नोव्हेंबर, शनिवार

आत्म्यांचा दिवस. इथे हा महिना शांत पाळतात, लाकूड फोडत नाहीत, मोठ्याने बोलत नाहीत. आयगारने फोनवर सांगितल्याप्रमाणे मी टेबल मांडलं: काळा पाव, डुकराचं मटण, आंबवलेला कोबी, जवाचं सॉसेज. मेणबत्ती लावली. मग आम्ही दोघी खोलीत गेलो, गेलेल्यांना निवांत जेवता यावं म्हणून.

थोड्या वेळाने खुर्ची सरकल्याचा आवाज आला. म्हटलं, मांजर. लेन्ना उशीवर डोकं ठेवून ऐकत होती. म्हणाली, आईला कोबी आवडत नाही, ती बाजूला काढते.

सकाळी कोबी ताटाच्या कडेला काढलेला होता. तिनेच उठून केलं असेल. मुलं काय, करतात असं. मी ताट धुतलं आणि आयगारला सांगितलं नाही.

४ नोव्हेंबर

मी लेन्नाच्या केसांची एकच वेणी घालते, मला दुसरं काही येतच नाही. आज दुपारी ती सौनेमागून खेळून आली तेव्हा डोक्याभोवती दोन वेण्यांचा मुकुट होता, पिना न लावता घट्ट बसवलेला. केसांना धुराचा वास. विचारलं, कुणी घातल्या? माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच खुळी.

हात बर्फासारखे होते तिचे.

७ नोव्हेंबर

आलमाआजीकडे गेले. हसण्यावारी नेईल असं वाटलं होतं. तिने आधी कॉफी ओतली, मग सगळं सांगितलं. तिचंच बोलणं लिहिते आहे.

आमच्याकडे, पोरी, माणसाला मातीकडे नेताना वाटेतल्या चिडाशी सगळे थांबतात. घरातला पुरुष सुरीने खोडावर क्रूस कोरतो. मग मेलेलं माणूस घराच्या ओढीने परत निघालं तरी त्या झाडापाशी अडतं. क्रूस ओलांडता येत नाही त्याला. काइरेला नेलं तेव्हाही थांबलो होतो. आयगारच्या काकाने सुरी उघडली, आणि आयगारने त्याचा हात धरला. म्हणाला, तिला यायचं असेल तर येऊ दे, मी तिच्यावर दार लावणार नाही. आम्ही सगळे बघत राहिलो. काकाने सुरी मिटून घेतली. रडत होता बिचारा.

मी विचारलं, मग दोन वर्षं का नाही आली? आजी माझ्याकडे बघेना. शेवटी म्हणाली, थंड घरात कोण येतं? धूर दिसावा लागतो. तो तिकडे, पोर आत्याकडे. भट्टी पेटती ठेवायला बाई हवी होती त्याला.

मला बायको म्हणून नाही आणलं. भट्टी पेटती ठेवायला आणलं.

८ नोव्हेंबर

फोनवर भांडले. त्याने एक शब्द नाकारला नाही. मी ओरडून दमले तेव्हा त्याने हळूच विचारलं, मेरिके, लेन्नाशी बोलते का ती? माझं काही विचारलं का? मी फोन आपटला. मग त्याचाच फोन आला, रडत, की तू चांगली आहेस, माझा तुझ्यावर जीव आहे, पण तिला घालवू नकोस.

९ नोव्हेंबर

आज मार्टच्या सणाची सोंगं घेऊन पोरं घरोघर फिरली. उलटे कोट, मुखवटे, ढोल. मी सफरचंदं, मिठाई काढून ठेवली होती. अंगणात आली, गाणं सुरू केलं आणि मध्येच थांबली. घरात शकुनाचे दाणे टाकायला कुणी आत येईना. त्यांचा म्होरक्या म्हणाला, बाई, तुमच्याकडे आधीच पाहुणे आहेत, आम्ही नंतर येऊ. मी मागे वळून पाहिलं. टेबलाशी लेन्ना बसली होती, आणि तिच्या शेजारची खुर्ची बाहेर ओढलेली होती.

१३ नोव्हेंबर

व्होरूला डॉक्टरकडे नेऊन आणलं. अंग थंड आहे, रक्त ठीक आहे, उबेत ठेवा, खायला घाला. पण काय खायला घालू? धिरड्यांना हात लावत नाही. तासन् तास सौनेच्या उंबऱ्याशी बसते. उचलून आणलं की परत जाते.

आज म्हणाली, आई झोपते तिथे फार गार आहे. मी शेजारी झोपले तर तिला ऊब येईल.

मी तिला इतकं घट्ट धरलं की ती रडली. नाही देणार. ज्याने तिला बोलावलं त्याने स्वतः जावं. माझी ही एकच आहे.

१५ नोव्हेंबर

आजीला विचारलं, आता कोरला तर? म्हणाली, पुरुषाने कोरायचा असतो, तोही नेताना, मयत सोबत असताना. मागाहून कोरलेला मी ऐकला नाही. पुढेही काही सांगत होती. मी थांबले नाही. सुरी घरात आहे, हात मला आहेत.

उद्या शनिवार. काइरे गेलेल्यांच्या वाफेसाठी अंधार पडल्यावर येते. त्याआधी, उजेडातच कोरून टाकीन. मग सौनेत लेन्नाला ऊब देईन, आम्ही दोघीच.

१६ नोव्हेंबर, शनिवार

झालं! कोरला!

सकाळीच सौना पेटवली. दुपारी लेन्ना भट्टीजवळ झोपली, बाहेरून कुलूप लावलं आणि धावत शेत ओलांडलं. चिडाची साल राठ, सुरी घसरत होती, बोट कापलं. पण क्रूस झाला, खोल, पांढरा. मी त्या झाडाला मिठी मारून रडले.

परत आले तर लेन्ना सौनेच्या दारातून बाहेर येत होती. तोंडाला काजळी, आणि हसत होती. आत अजून धूर होता! अशी घाबरले, अशी रागावले, सौना आज नकोच म्हटलं. पण चालत आली ती माझ्याकडे, स्वतः येऊन हात धरला. घराचं कुलूप तसंच होतं. खिडकीतून उतरली असेल. आज मला त्याचा विचार करायचा नाही.

आयगारला फोन करून सांगितलं, दार लावलं तुझ्या काइरेवर. तो जनावरासारखा रडला. उद्याच्या जहाजाने निघतो म्हणाला. ये म्हटलं. ये आणि तुझी जिवंत पोर बघ.

१७ नोव्हेंबर

सकाळी जमिनीवर ओली पावलं. अनवाणी, बाईची. सौनेकडून घराकडे येणारी. परत जाणारी नाहीत.

ती आधीपासूनच इकडे होती. मी कोरत होते तेव्हा ती झाडाच्या अलीकडे होती — घरात. मी तिला बाहेर नाही, आत कोंडलं आहे.

लेन्नाला गाडीत घातलं, पट्टा लावला. आजीकडे जायचं, कुठेही जायचं. चीड ओलांडला आणि आरशात बघितलं. मागची सीट रिकामी. पट्टा लावलेलाच. लेन्ना झाडाच्या अलीकडे, रस्त्यात उभी, माझी वाट बघत.

पुन्हा घातलं. कडेवर घेऊन चालत नेलं. पुन्हा. झाडापाशी हातात नुसता तिचा कोट उरतो.

छातीला कान लावला, ठोका नाही.

मग सौनेत गेले. वरच्या फळीवर लेन्नाच, कुशीवर झोपलेली, गालाखाली हात. धूर निघायच्या आत — मी झाडावर सुरी चालवत होते तेव्हा —

पांघरूण घातलं. दार लावून आले. लेन्ना पायरीवर उभी होती, मला म्हणाली, किती वेळ लावलास.

१७, संध्याकाळ

आयगारचा फोन बंद. जहाजावर असेल. त्याला वाटतंय काइरे बाहेर अडकली आहे. त्याला माहीतच नाही —

ती भट्टीजवळ बसली आहे. चेहरा दिसत नाही, मान खाली. लेन्नाची वेणी घालते आहे. मला भीती वाटत नाही आता. मी तिच्यापुढे गुडघे टेकले. म्हटलं, राहा बाई. तूही राहा. दोघी राहा. मी भट्टी विझू देणार नाही, मरेपर्यंत लाकडं घालीन. कोबी वाढणार नाही. फक्त हिला घेऊन जाऊ नकोस.

क्रूस आहे तोवर जाऊ शकत नाहीत. देवा, मीच कोरला, बरं केलं मी.

१८ नोव्हेंबर

कुणाच्या तरी गाडीचा आवाज. शेताच्या टोकाशी थांबली. घराकडे का येत नाही?

खिडकीतून — आयगार. हातात साखळी-करवत. झाडाकडे चालला आहे.

ओरडले. काच फोडून ओरडले. करवत सुरू झाली, त्याला ऐकू जात नाही. धावत जायला हवं. पण मी दार उघडलं तर हिला कोण धरेल? लेन्ना बूट घालते आहे. स्वतःच, डावा-उजवा नीट. कोट मागते आहे. काइरे उठली —

आयगार, तू हे वाचशील. दाराला पाठ लावून बसले आहे, मांडीत धरून ठेवलंय हिला. तू काइरेसाठी वाट उघडतो आहेस. ती एकटी जाणार नाही. थांब. अरे थांब ना —

हात गार. पण माझ्या हातात आहे. आहे अजून.

करवत थांबली.

काहीतरी मोडतंय, लांबून — लेन्ना, माझ्याकडे बघ, तिकडे नाही, माझ्याकडे, राणी, धिरडी करते मी आत्ता, बस ना जरा, माझा हात सोडू न