पोंगलच्या सिनेमातला आवाज

अम्मा,

तुझ्या पाया पडते. धाकटी पोन्नी वाचून दाखवत असेलच. पोन्नी, मधलं काही गाळू नकोस.

मी बरी आहे, इडली वेळेवर मिळते. सिनेमा पोंगलला लागतोय. पहिल्यांदाच हिरोईन झाले, आणि सिनेमातली पोरही आपल्या तिरुनेलवेलीकडचीच.

फक्त आवाज माझा नाही. काल डबिंगला गेले तर माइकसमोर चेन्नईच्या एक बाई उभ्या. डायरेक्टर म्हणाले, "अगं, तुझं बोलणं फारच गावाकडचं आहे."

"सर, पोरगी गावाकडचीच आहे ना?"

"म्हणून काय एवढी? लोकांना खोटी वाटेल."

मग त्या बाई आपल्या तिरुनेलवेलीची बोली चघळत राहिल्या, सगळे खूश झाले, आणि मी काचेमागे बसून कॉफी प्यायले. भांडून काय, पुढचा सिनेमाही जायचा.

डोळ्यांत थेंब घालतेस ना? तुला आता पडद्यावर नुसत्या सावल्या दिसतात, आणि तू अख्ख्या गल्लीला सांगून बसलीस की लेकीला आवाजावरून ओळखीन. म्हणून आधीच कळवतेय.

पोन्नी, मी पडद्यावर आले की अम्माचा हात दाब. बाई बोलतील तिकडे लक्ष देऊ नका. आणि हात लवकर सोडू नकोस, मी शेवटपर्यंत आहे.

अजून तशीच बोलणारी तुमची,
सेन्बगम