दुसऱ्याचं दही

१४ मे, बुधवार

तनयने आज जेवताना ताटातून डोकं वर न काढता जाहीर केलं, "आय अ‍ॅम डूइंग फुटबॉल धिस फॉल."

मी तव्यावर पोळी टाकत होते. म्हटलं, पायाने खेळतात तोच ना? "नो मॉम. द रिअल वन." आधी तबला, मग बुद्धिबळ, मग पोहणं, आणि आता हेल्मेट घालून एकमेकांवर आदळायचं, म्हणजे अमेरिकन फुटबॉल. पोळी करपली.

दर शनिवारी सोफ्यावर उभं राहून टीव्हीला "हाण त्याला" असं ओरडणारा माझा नवरा, समीर, आज कोशिंबिरीत काहीतरी शोधत होता. म्हटलं, बोल की. तर म्हणतो, "बघू." लग्नाला अठरा वर्षं झाली. याचं 'बघू' म्हणजे 'तूच नाही म्हण, मी कशाला वाईट होऊ'.

१७ मे, शनिवार

कर्णिक काकांकडे जाऊन आले. मेंदूचे डॉक्टर, आता रिटायर्ड. सत्तरच्या दशकात सांगलीहून ओहायोला आले आणि तेव्हापासून इथल्या कॉलेज टीमची घरची एकही मॅच त्यांनी सोडलेली नाही. आमच्या या डब्लिन गावातल्या अर्ध्या मराठी नवऱ्यांना हा नाद त्यांनीच लावला.

सरळ विचारलं, खेळू देऊ का?

काकांनी डोक्यावरची टीमची टोपी काढून मांडीवर ठेवली. म्हणाले, "हे बघ माधवी, मेंदू म्हणजे डब्यातलं दही. हेल्मेट डब्याला जपतं. आतलं दही हलायचं ते हलतंच. आणि एका मोठ्या धक्क्यापेक्षा रोजचे बारीक बारीक धक्के जास्त वाईट."

"मग तुम्ही इतकी वर्षं टाळ्या पिटत बसता ते?"

"ते दुसऱ्याचं दही."

आणि टोपी परत घातली. काकू आतून म्हणाल्या, निर्लज्ज माणूस आहे.

२ जून, सोमवार

शाळेत पालकसभा. कोच दाराएवढा, पण बोलायला मऊ. म्हणाला, हल्ली पोरं कमी येतात, म्हणून कोणालाच नाही म्हणत नाही. तनयची निवड कशी झाली हे कोडं सुटलं.

मग हेल्मेटवर घालायची जाड गादीची टोपी दाखवली. आमच्या आईने चहाच्या किटलीला शिवली होती अगदी तशी. प्रॅक्टिसमध्ये धडकाधडकीचे दिवस कमी केलेत, आता डोकं बाजूला ठेवून खांद्याने पाडायला शिकवतात. "दहा वर्षांत हा खेळ ओळखू येणार नाही इतका बदलेल," म्हणाला. मागून एक बाप बोलला, "उरला तर." सगळे हसले. कोचही हसला, पण थोडा उशिरा.

शेवटी डोक्याच्या दुखापतीचं माहितीपत्रक वाचलं म्हणून सही. बाकीच्यांनी गुडघ्यावर कागद ठेवून ठोकल्या. मी वाचलं. सहावा मुद्दा दोनदा छापलाय. जाऊन सांगितलं. वीस वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग केलंय, चूक दिसली की माझे हात शिवशिवतात. कोचने थँक्यू म्हटलं. तनय घरी येईपर्यंत गाडीत खिडकीकडे तोंड करून बसला.

८ जून, रविवार

तह झाला. फ्रिजवर लावलाय. एकच कलम: डोक्याला एकदा जरी लागलं तरी खेळ बंद. तनयची सही, माझी सही, साक्षीदार समीर. पोराने इतक्या पटकन सही केली की मीच कागद पुन्हा वाचून पाहिला.

२२ जुलै, मंगळवार

सीझनच्या आधी प्रत्येक पोराची कॉम्प्युटरवर टेस्ट घेतात. शब्द लक्षात ठेवा, आकार ओळखा, पटापट बटणं दाबा. पुढे डोक्याला मार बसला तर हीच टेस्ट पुन्हा घ्यायची आणि आधीच्या आकड्यांशी ताडून बघायची. याला बेसलाइन म्हणतात.

आज तनयचा निकाल आला. स्मरणशक्ती: सरासरीपेक्षा कमी.

या घरात हे शब्द कधी आले नव्हते. मागच्या दिवाळीत मी चिडून काय कबूल केलं होतं ते ज्या पोराला वारासकट आठवतं, त्याची स्मरणशक्ती कमी? समीर दोनदा वाचून म्हणाला, "माझ्याकडून नाही हे."

सकाळपर्यंत कशाला थांबू, आत्ताच शाळेला मेल लिहिते.

२३ जुलै, बुधवार

शाळेच्या ट्रेनरचा, म्हणजे पोरांच्या दुखापती बघणाऱ्या बाईंचा फोन आला. पुन्हा टेस्ट घ्या असं आजवर एकाही पालकाने सांगितलेलं नाही म्हणे. म्हटलं, त्या दिवशी त्याला सर्दी होती.  मग बाईंनी मंगळवारची वेळ दिली.

तनय: "मॉम, इट्स नॉट अ टेस्ट टेस्ट."

"मार्क येतात ना? मग टेस्टच."

"नोबडी केअर्स अबाउट द स्कोअर."

मला राग आला की माझी भाषा थेट वर्ध्याला जाते. "काऊन नाही केअर करत? मी करून राहिली ना. डोकं इतकं कच्चं असेल तर फुटबॉल बंद, आणि उन्हाळाभर क्लास." पोरगं पांढरं पडलं.

समीरने कोपऱ्यातून हळूच विचारलं, "तुला तो खेळायला नको होता ना?" हो. पण नापास होऊन नाही.

२६ जुलै, शनिवार

तयारी जोरात. सकाळी पाच भिजवलेले बदाम. मग नाश्त्याला बारा शब्द. घोडा, चमचा, ढग, पायरी, कंदील... समीरने आकारांची कार्डं केलीत, आणि कुठल्या आकाराला किती सेकंद लागतात त्याचा तक्ता.

पहिल्याच दिवशी तनयने बाराही शब्द सरळ म्हटले. मग उलटे. ज्याला कंदील म्हणजे काय हे माहीत नाही त्याने.

"मग त्या दिवशी काय झालं होतं?"

"सर्दी," म्हणाला आणि दूध संपवून पळाला.

२९ जुलै, मंगळवार

जवळजवळ पैकीच्या पैकी. फॅमिली ग्रुपवर टाकलं. ठाण्याहून सासूबाई: "समीरवर गेलाय." बरं.

फ्रीजरमधले पेढे काढून कर्णिक काकांकडे गेले. काकांनी पेढा हातात धरून नीट विचारलं. "दोनदा दिली परीक्षा? आधी कमी, मग जास्त?" आणि हसायलाच लागले. ठसका लागला, काकूंनी पाठ चोळली. कशाला हसले ते सांगेनात. "पोरगा हुशार आहे," एवढंच. ते आम्हाला माहीतच आहे.

३० ऑगस्ट, शनिवार

मंडळाचा गणपती आणि कॉलेज टीमची पहिली मॅच एकाच दिवशी, एकाच वेळी. कमिटीने तीन मीटिंग घेऊन तोडगा काढला: आरती हाफटाइमला. मोदकांच्या टेबलाजवळ मोठा टीव्ही. मंत्रपुष्पांजलीला सगळ्यांचा सूर एकदम चढला. म्हटलं भक्ती वाढली, तर दुसरा हाफ सुरू झाला होता. गुरुजींनी प्रसाद देता देता मला स्कोअर विचारला.

६ सप्टेंबर, शनिवार

तनयची पहिली मॅच. बहुतेक वेळ बाकावर. शेवटची तीन मिनिटं आत. त्याच्या दुप्पट पोरगं चेंडू घेऊन धावत आलं आणि आमच्या काडीपैलवानाने त्याला पाडलं. खांद्याने, डोकं बाजूला ठेवून, शिकवल्याप्रमाणे.

मी खुर्चीवर उभी राहून ओरडले, "हाण त्याला."

समीर माझ्याकडे बघत राहिला. पडलेल्या पोराची आई दोन खुर्च्या सोडून बसली होती. नंतर तिला सँडविच नेऊन दिलं. खूप लाज वाटली. आणि खूप आनंदही झाला, तोही लिहून ठेवते.

१६ सप्टेंबर, मंगळवार

आज कारल्याची भाजी केली होती, आमच्या दोघांपुरती. तनयसाठी वेगळा पास्ता.

प्रॅक्टिसहून आला, बसला, आणि कारलं खाल्लं. निमूटपणे. आणखी वाढून घेतलं.

मी आणि समीर एकमेकांकडे बघायला लागलो. "तनय, हे कारलं आहे." "ओके." "प्रॅक्टिसमध्ये काही झालं का?" "नो." "डोकं दुखतंय?" "आय अ‍ॅम फाइन." आणि जिना चढताना मधल्या पायरीवर थांबला. कशाला वर चाललोय ते आठवत असल्यासारखा.

ट्रेनरबाईंना मेल टाकला. काय लिहिणार? माझ्या मुलाने भाजी खाल्ली?

तेच लिहिलं.

१७ सप्टेंबर, बुधवार

बाईंनी सकाळीच टेस्ट घेतली. नापास. बराच नापास. काल प्रॅक्टिसमध्ये दोन डोकी आपटली होती, तनयने कोणाला सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी तपासलं, काळजीचं काही नाही, पण शाळा बंद, स्क्रीन बंद, खेळ बंद.

बाई म्हणाल्या, "बरं झालं तुम्ही दुसऱ्यांदा टेस्ट घ्यायला लावली. आजचे आकडे पहिल्या निकालाशी ताडले असते तर तो पास होता."

गाडीत बसल्यावर डोक्यात प्रकाश पडला. सर्दी. काकांचा ठसका. पहिली टेस्ट पोराने मुद्दाम वाईट दिली होती, म्हणजे पुढे लागलं तरी फरक दिसू नये. आणि मी? बेसलाइन म्हणजे काय हे ऑफिसात नव्या पोरांना मी शिकवते. मी त्याला बदाम खायला घालून पहिला आणला. मार्कांसाठी. त्याच्या डोक्याचा विचार त्यात एक टक्का नव्हता.

१८ सप्टेंबर, गुरुवार

विचारलं. कबूल झाला. टीममधल्या मोठ्या पोरांनी सांगितलं होतं, सगळेच करतात. "अँड देन यू अँड युअर आमंड्स." भिंतीकडे तोंड करून झोपला.

फ्रिजवरचा तह वाचत उभी राहिले. एकदा लागलं तर बंद, असं मीच लिहिलं. म्हणजे लागलं तर सांगू नकोस, हेही मीच लिहिलं.

२१ सप्टेंबर, रविवार

पडदे लावलेल्या खोलीत त्याच्याजवळ बसले. तोच म्हणाला, शब्द घे. घोडा, चमचा, ढग, पायरी, कंदील... परत म्हणताना पाचव्यावर अडकला. "वेट. वेट." डोळे मिटून शोधत होता. कंदील गेला होता.

"राहू दे रे," म्हटलं. बाथरूममध्ये जाऊन रडले. एवढी भीती मला आयुष्यात वाटली नव्हती.

२७ सप्टेंबर, शनिवार

तनय आज बाराही म्हणाला. आठवडाभरात पहिल्यांदा पोटभर जेवले.

काकांकडे टीव्हीवर कॉलेज टीमची बाहेरगावची मॅच. तिसऱ्या क्वार्टरमध्ये टीमचा एक मुलगा आपटला आणि उठेना. दहा माणसं हातात साबुदाणा खिचडीच्या बशा तशाच धरून उभी. तनयपेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठा असेल फार तर. त्याची आई कुठे बसली असेल, एवढंच माझ्या मनात. काकांनी टोपी काढली. मी म्हटलं, "काका, दुसऱ्याचं दही?" 

तो मुलगा उठला, कोणाचा तरी हात धरून बाहेर गेला. अख्ख्या स्टेडियमने टाळ्या वाजवल्या. आम्हीही. पुढचा डाव सुरू झाला. समीरने तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि मिटलं. दोन मिनिटांनी काकाच ओरडले, "अरे हाणा रे त्याला." टोपी पुन्हा डोक्यावर.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

डॉक्टरांनी तनयला मोकळं केलं. टेस्टचे आकडे परत जिथल्या तिथे. खेळायला उतरायचं तर आता फक्त पालकांची सही हवी. सोमवारपर्यंत.

तहाचं नाव त्याने काढलं नाही. फॉर्म टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "आई, पुढच्या वेळी लागलं तर मी सांगेन. प्रॉमिस." मराठीत बोलला. हा पोरगा मराठीत बोलतो तेव्हा त्याला काहीतरी फारच हवं असतं. टीमने त्याची जर्सी लॉकरवर तशीच टांगून ठेवलीय म्हणे.

समीरला विचारलं, तुझं काय मत? "बघू."

५ ऑक्टोबर, रविवार

सकाळपासून फॉर्म वाचतेय. यात एकही चूक नाही.

शेवटी ठरवलं, आकड्यांवर विश्वास नाही, माझी स्वतःची टेस्ट घेणार. संध्याकाळी कारलं केलं. काही न बोलता त्याच्या ताटात वाढलं.

तनयने बघितलं. ताट लांब सारलं. "ईऽऽ, नो वे. धिस इज डिसगस्टिंग."

जीव भांड्यात पडला. समीरचे डोळे चक्क भरून आले. पोरगा बरा झाला. मी पेन आणायला उठले.

पेन हातात घेतलं आणि थांबले. कारल्याची गोष्ट मी गेल्या तीन आठवड्यांत किती जणांना सांगितली? मंडळाला, ऑफिसात, ट्रेनरबाईंना, ठाण्याला. टीममध्ये तर म्हणे त्याचं नावच कारला पडलंय. म्हणजे ताटात कारलं दिसलं की काय करायचं, हे त्याला पक्कं माहीत आहे.

मागे वळून बघितलं. तो माझ्याकडेच बघत होता. अगदी नीट, शांतपणे, माझ्या हातातल्या पेनकडे.

"व्हॉट?" म्हणाला.

काही नाही म्हटलं. पास्ता गरम करून दिला. फॉर्म टेबलावर आहे, पेन त्याच्यावर.